सेवा थांबली म्हणून प्रभू रुसतो का?

प्रश्न : पाळकसाहेब, प्रभूत सलाम. मी आमच्या मंडळीच्या महिला मंडळाची खजिनदार आहे. मुलांची शब्बाथशाळा, आजाऱ्यांच्या भेटी, शुक्रवारचा उपास, हंगामाच्या सणाची वर्गणी, हे सगळं मी वर्षानुवर्षं करत आले. काय केलं, किती अध्याय वाचले, ते एका वहीत लिहूनही ठेवते. दिवाळीनंतर गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि सगळंच सुटलं. मंडळातली एक मैत्रीण म्हणाली, "सेवा सुटली की आशीर्वादही सुटतो." त्यानंतर कन्व्हेन्शनमध्ये ऐकलं, की कर्मांनी काही होत नाही, तारण, म्हणजे पापातून सुटका, केवळ विश्वासाने. मुलगा म्हणतो, "मग आई, तू इतकी वर्षं उगाच राबलीस?" आणि नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोब तर लिहितो, की कृत्यांवाचून विश्वास निर्जीव. मी काय समजायचं?
— एक भगिनी, जालना

उत्तर : ताई, सलाम. याकोबाकडे नंतर येऊ, कारण झोप त्याने उडवलेली नाही, मैत्रिणीने उडवली आहे. सेवा सुटली की आशीर्वाद सुटतो, हे पवित्र शास्त्रात कुठेही नाही. हे आपल्या मंडळ्यांनी तयार केलेलं वचन आहे. सतरंज्या घालायला माणसं मिळेनाशी झाली की व्यासपीठावरूनही असलं काहीतरी ऐकू येतं.

मला जास्त काळजी वाटली ती तुमच्या वहीची. नगरकडच्या एका मंडळीत मी पाळक असताना हंगामाचा सण दणक्यात व्हायचा. वेदीपुढे बाजरीची कणसं, डांगर, अंड्यांची टोपली, पाय बांधलेला कोंबडा. उपासनेनंतर लिलाव, आणि शेवटी देणगीदारांची यादी वाचायची. एका वर्षी एका गृहस्थांचं नाव वाचायचं राहून गेलं. चांगला बोकड दिला होता त्यांनी, मनापासून दिला होता. पण ते चहालाही न थांबता निघून गेले आणि पुढे कितीतरी रविवार फिरकले नाहीत. दान खरं होतं हो, पण पावती हवी होती. तुमची वही म्हणजे तशीच पावती. फरक एवढाच, की ती तुम्ही थेट वर दाखवायला जपून ठेवली आहे. लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणारा माणूस, मंदिरात जाऊन काय सांगतो? आठवड्यातून दोनदा उपास, सगळ्या मिळकतीचा दशमांश. त्यात खोटं काहीच नाही. तरी नीतिमान ठरून घरी गेला तो मागे उभा राहून ऊर बडवणारा, पापी समजला जाणारा जकातदार.

असा प्रश्न आला की मला पंडिता रमाबाई आठवतात. रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ साली इंग्लंडात झाला. १८८९ ला मुंबईत विधवा मुलींसाठी त्यांचं शारदा सदन निघालं, पुढच्या वर्षी ते पुण्याला आलं. विधवा मुलींसाठी झिजणारी बाई म्हणून देशात आणि परदेशात नाव झालं होतं. आता एखाद्या बाईच्या वहीत याहून जास्त काय असणार? आणि नेमक्या त्याच काळात, बाप्तिस्म्याला आठेक वर्षं झाल्यावर, त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, पण ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः आपल्या साक्षीत लिहून ठेवलं आहे. हॅस्लम नावाच्या इंग्रज पाळकाचं आत्मवृत्त त्या वाचत होत्या. हा गृहस्थ दीक्षित पाळक, आणि स्वतःचंच प्रवचन चालू असताना विश्वासात आला! (आम्हा पाळकांना हे वाचून हसू येतं, आणि जरा धडकीही भरते.) लहानपणापासून तीर्थं, व्रतं, दानं करत देशभर पायी फिरलेल्या त्या बाईला आणखी एक कर्तव्यांची यादी नको होती. आपण आहोत तशा प्रभूच्या पदरात पडायचं आणि त्याने केलेलं आपलं म्हणून घ्यायचं, हे त्यांना जमलं ते तेव्हा.

मग काम थांबलं का? १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी मुली-बायकांना घेऊन आल्या, शेकड्यांनी. केडगावला मुक्ती, म्हणजे अशा निराधार बायका-मुलींचं घर, उभी राहिली. १९०० च्या गुजरातच्या दुष्काळानंतर तिथली पंगत दीड-दोन हजारांच्या घरात गेली. म्हणजे काम वाढलंच. पण ते आता तारण मिळावं म्हणून नव्हतं, तारण तर आधीच मिळालेलं होतं.

याकोबाचंही उत्तर इथेच आहे. विश्वासाने तारण शिकवणारा प्रेषित पौल आणि याकोब दोघंही साक्षीला अब्राहामालाच बोलावतात. पौल बायबलमधल्या उत्पत्ती या पुस्तकाच्या पंधराव्या अध्यायातला अब्राहाम घेतो: चांदण्या पाहिल्या, देवाच्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि ते त्याच्या लेखी नीतिमत्त्व म्हणून धरलं गेलं. याकोब बाविसाव्यातला घेतो, देवाच्या सांगण्यावरून मुलाचा, इसहाकाचा, बळी द्यायला मोरियाच्या डोंगरावर निघालेला. आता वयं पाहा. चांदण्यांची गोष्ट थोरला मुलगा इश्माएल याच्या जन्माआधीची; इश्माएल झाला तेव्हा अब्राहाम ८६ वर्षांचा, इसहाक झाला तेव्हा १००. आणि मोरियाला जाताना तर इसहाक लाकडं वाहून नेण्याएवढा झाला होता. म्हणजे देवाने त्याला नीतिमान ठरवलं ते आधी, आणि त्याची कसोटी दिसली ती कितीतरी वर्षांनी. याकोब रागावतो कोणावर? उघड्या, उपाशी भावाला "सुखाने जा, ऊब घ्या" एवढं बोलून वाटेला लावणाऱ्यांवर. तुम्ही त्यांतल्या नाही. दुसऱ्याच्या नावावर आलेली नोटीस अंगाला लावून घेऊ नका.

मुलाला इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय वाचायला द्या. आठवं-नववं वचन आपल्याकडे सगळ्यांना पाठ असतं: कृपेने तारण, देवाचं दान, कर्मांनी नाही. दहावं कोणी म्हणत नाही. तिथे पौल सांगतो, की सत्कृत्यं देवाने आधीच तयार करून ठेवली आहेत, आपण त्यांत चालावं म्हणून. आजाऱ्याच्या घरी तुम्ही नेलेली पेज उगाच गेली नाही, ती त्या आजाऱ्याच्या पोटात गेली. तिने तारण विकत घ्यायचं नव्हतं, एवढंच.

खरी परीक्षा पुढेच आहे. आता मंडळातल्या बायका डबा घेऊन तुमच्या दारी येतील, पाय चेपू का विचारतील, आणि तुम्ही म्हणाल, "अगं, कशाला त्रास?" येशू पाय धुवायला आला तेव्हा त्याचा शिष्य पेत्रही असंच म्हणाला होता, माझे पाय तुम्ही कधीच धुवायचे नाहीत. सेवा करणाऱ्या माणसाला सेवा करून घेणं फार जड जातं. डबा घ्या. टोचून बोलणाऱ्या मैत्रिणीनेच आणला, तरी घ्या.

वही बंद करा. जाळा वगैरे म्हणत नाही, पण पुढचं पान लिहू नका. मंडळाचा हिशोब ही वेगळी गोष्ट, त्यात मात्र कृपा चालत नाही! पावतीपुस्तकं, बँकेचं पासबुक आणि हातावरची रोकड, सगळं सेक्रेटरींच्या समोर मोजून दुसऱ्या बहिणीकडे द्या आणि दोघींच्या सह्या घ्या. फिजिओथेरपीचे व्यायामही चुकवू नका. उठून बसता येईल तेव्हा शब्बाथशाळेची दोन-चार पोरं घरीच बोलवा, वाटलं तर. नाही वाटलं, तर नका बोलवू.