हायड्रॉलिक रोबोटिक्स निवडू का?

तू मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहेस आणि प्रोजेक्टसाठी हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाने हलणाऱ्या, सिलिंडरवर चालणारा रोबोचा हात बनवते आहेस. तू दोन गोष्टी विचारल्या आहेस. बोस्टन डायनॅमिक्सचा माणसासारखा रोबो ‘अ‍ॅटलस’सुद्धा इलेक्ट्रिक झाला, मग हायड्रॉलिक्स शिकण्यात अर्थ आहे का? आणि कंट्रोल हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांचं क्षेत्र, त्यात मेकॅनिकलच्या मुलीने शिरावं का? शेवटी सहज म्हणून लिहिलंयस, की हात ठरल्या जागी पोचतो खरा, पण तिथे स्थिरावत नाही, सावकाश मागेपुढे होत राहतो आणि पीआयडीचे (चूक बघून दुरुस्ती ठरवणाऱ्या कंट्रोल-सूत्राचे) आकडे कितीही बदलले तरी ते थांबत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर या तक्रारीतच आहे. पिस्टनच्या सीलला घर्षण असतं. जागेत किंचित चूक उरते, पीआयडीतला इंटिग्रल हा भाग ती साठवत जातो, दाब वाढतो आणि घर्षण सुटताच पिस्टन झटक्यात पुढे निघून जातो. मग तेच उलट दिशेने. त्यात साधा प्रपोर्शनल व्हॉल्व्ह (सिग्नलच्या प्रमाणात उघडणारा) असेल तर त्यातला स्पूल, म्हणजे सरकता दांडा, थोडा सरकेपर्यंत तेल वाहतच नाही, हा डेडबँड. आधी इंटिग्रल शून्य कर. डेडबँड मोजून तेवढी भरपाई प्रोग्रॅममध्ये घाल, हव्या त्या वेगाचा फीडफॉरवर्ड (चूक होण्याची वाट न बघता आधीच दिलेली आज्ञा) दे. मगच इंटिग्रल अगदी थोडा आण आणि चूक ठरावीक मर्यादेत आली की तो गोठव.

आणखीही गुंते आहेत. रॉडच्या बाजूला पिस्टनचं क्षेत्रफळ कमी, त्यामुळे व्हॉल्व्ह तेवढाच उघडला तरी बाहेर जाण्याचा आणि आत येण्याचा वेग सारखा नसतो. प्रवाह दाबातल्या फरकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून भार बदलला की जुनं ट्यूनिंग बिनसतं. तेलात हवा शिरली तर ते स्प्रिंगसारखं दबतं आणि हात थरथरतो. हे सगळं ज्याला दिसतं, तोच इथे चांगला कंट्रोलर लिहितो. तेव्हा कंट्रोलकडे जरूर वळ, पण मेकॅनिकल सोडून नको.

आता अ‍ॅटलस. बोस्टन डायनॅमिक्सने एप्रिल २०२४मध्ये हायड्रॉलिक अ‍ॅटलस निवृत्त केला आणि लगेच इलेक्ट्रिक अ‍ॅटलस दाखवला. माणसाच्या आकाराच्या चालत्या रोबोसाठी मीही आज मोटरच सुचवेन: गळती नाही, आणि व्हॉल्व्हमध्ये ऊर्जा उष्णता होऊन वाया जात नाही. पण उत्खनन यंत्रं, जंगलातली लाकूडतोड यंत्रं, खोल पाण्यातले अवजड हात, भूकंप-चाचणीचे टेबल इथे छोट्या जागेत प्रचंड बल लागतं. ही यंत्रं स्वयंचलित करायची म्हणजे हायड्रॉलिक रोबोच घडवायचा. शिवाय मधला मार्गही आहे: मोटरच पंप फिरवते आणि पंपाचा वेगच सिलिंडर हलवतो. ए३८० विमानात अशी अ‍ॅक्च्युएटर्स पंखांवरच्या नियंत्रण-पृष्ठभागांसाठी आहेत. म्हणून मोटर कंट्रोल ऐच्छिक समजू नकोस.

येत्या सुट्टीत तुझ्याच हाताचं मॉडेल सिम्युलेशनमध्ये लिही: व्हॉल्व्हचा प्रवाह, दोन्ही कक्षांतले दाब, पिस्टनची गती, घर्षण. मग खऱ्या सिलिंडरची नोंद त्यावर ठेवून बघ. दोन्ही आलेख जुळत नाहीत तिथे थांबून कारण शोधलंस, तर मुलाखतीत सांगायला भरपूर असेल. सोबत सी भाषा आणि कॅन बस (यंत्रातले कंट्रोलर एकमेकांशी बोलतात ती पद्धत) शीक. पुढच्या पदवीसाठी अभ्यासक्रमाच्या नावापेक्षा प्रयोगशाळा बघ. तिथे सर्व्हो व्हॉल्व्ह (अचूक नियंत्रणाचा व्हॉल्व्ह), दाबाचे सेन्सर असलेला टेस्ट बेंच, म्हणजे चाचणीचा मंच, आहे का आणि विद्यार्थ्यांना तो प्रत्यक्ष हाताळू देतात का, हे आधी विचार.

एक मात्र आजपासूनच पाळ. पंप बंद केला म्हणजे दाब गेला असं नसतं, अ‍ॅक्युम्युलेटरमध्ये (दाबाखालचं तेल साठवणाऱ्या टाकीत) तो राहतो. गळती हाताने चाचपू नकोस. बारीक धार कातडीतून आत शिरते आणि जखम टिचभर दिसली तरी तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. जोडणी सैल करण्याआधी दाब सोड आणि गेजवर शून्य बघ.