ज्यू, यहुदी की बेने इस्राएल?

एका वाचक भगिनीने विचारले आहे : "रेवदंड्याच्या एका जुन्या ज्यू कुटुंबावर लेख लिहिते आहे. मसुदा वाचून मैत्रीण म्हणाली, ‘ज्यू’ शब्द इंग्रजीत आता तुच्छतेचा मानतात, तू ‘यहुदी’ लिही. दुसऱ्या एका ओळखीच्यांनी नेमके उलट सांगितले. खरे काय? इतर भाषांत काय म्हणतात? आणि यहुदी म्हणजे मूळचे यदुवंशी, असे वाचनात आले, त्यात तथ्य आहे का?"

आधी सरळ उत्तर देतो. मराठीत ‘ज्यू’ आणि ‘यहुदी’ हे दोन्ही शब्द निर्धोक आहेत, खुशाल वापरा. मात्र तुमचे कुटुंब रेवदंड्याचे, म्हणजे बहुधा बेने इस्राएल. त्यांच्यासाठी हा तिसरा शब्द शतकानुशतके कोकणात आहे आणि तो त्यांचा स्वतःचा आहे. लेखात पहिला उल्लेख त्याच नावाने करा, पुढे ‘ज्यू’ आले तरी बिघडत नाही.

आता जरा खोलात जाऊ. ‘ज्यू’ आणि ‘यहुदी’ हे दोन वेगळे शब्द नाहीतच. दोन्ही एकाच हिब्रू शब्दाचे वंशज आहेत, फक्त वेगवेगळ्या वाटांनी आपल्यापर्यंत आले. मूळ शब्द ‘येहुदी’, म्हणजे येहुदाचा. बायबलच्या उत्पत्तीच्या पुस्तकात याकोबाची बायको लेआ चौथ्या मुलाच्या जन्मानंतर म्हणते, ‘आता मी परमेश्वराचे स्तवन करीन’, आणि स्तवनाच्या त्या क्रियापदावरून मुलाचे नाव येहुदा ठेवते. पुढे येहुदा हे एका वंशाचे नाव झाले, मग यरुशलेमभोवतीच्या दक्षिणेकडच्या राज्याचे. उत्तरेकडचे इस्राएलचे राज्य इसवी सनपूर्व 722 च्या सुमारास अश्शूरांनी बुडवले. दक्षिणेचे तग धरून राहिले आणि इसवी सनपूर्व 586 मध्ये बाबिलोनने यरुशलेम पाडल्यावर तिथल्या लोकांना देशोधडीला लागावे लागले. परमुलखात त्यांना सगळे ‘येहुदाचे’ म्हणू लागले, मग माणूस मुळात कोणत्याही वंशाचा असो. बायबलच्याच एस्तेरच्या पुस्तकात याचा लखलखीत पुरावा आहे. तिथे मर्दखयाची ओळख ‘एक येहुदी पुरुष’ अशी करून दिली आहे आणि त्याच वाक्यात तो बन्यामिनाच्या वंशातला असल्याचे सांगितले आहे. म्हणजे तोवर ‘येहुदी’ हे वंशाचे नाव उरले नव्हते, अख्ख्या समाजाचे झाले होते.

तिथून एक वाट पूर्वेला निघाली : अरामी, अरबी, फारसी, उर्दू-हिंदी आणि मग आपले ‘यहुदी’. बंगालीतले ‘इहुदी’, तुर्कीतले ‘याहुदी’, स्वाहिलीतले ‘म्याहुदी’ हे सगळे याच घराण्यातले. दुसरी वाट पश्चिमेला गेली. ग्रीकांनी ‘युदाइओस’ केले, रोमनांनी ‘युदाएउस’. फ्रेंचमध्ये मधला ‘द’ गळाला, सुरुवातीच्या ‘य’चा ‘ज’ झाला, आणि ते इंग्रजीत शिरून ‘ज्यू’ झाले. य चा ज होणे मराठी माणसाला नवे नाही. यादवाचा जाधव आणि यमुनेची जमुना याच चालीने झाली. जर्मन ‘युडे’, पोर्तुगीज ‘जुदेउ’, पोलिश ‘झिद’, हंगेरियन ‘झिदो’, जपानी ‘युदाया-जिन’, तमिळ ‘यूदर’, मल्याळम ‘जूतन’ हे सगळे त्याच एका येहुदाचे नातलग आहेत. चेहरे इतके बदलले की एका रांगेत उभे केल्याशिवाय ओळख पटत नाही.

मग अपमानाचा प्रश्न येतो कुठून? शब्दाच्या मुळातून नक्कीच नाही. एकच शब्द एका भाषेत शिवी असतो आणि शेजारच्या भाषेत साधे नाव असते. पोलिश आणि चेक भाषांत ‘झिद’ हा रोजचा, अधिकृत शब्द आहे. तिथले ज्यू स्वतःलाही तेच म्हणतात. सीमा ओलांडून रशियात जा, तोच ‘झिद’ तोंडावर थुंकल्यासारखा लागतो. जुन्या रशियनमध्येही तो साधाच होता. पण अठराव्या शतकाच्या अखेरीस, सम्राज्ञी कॅथरीनच्या काळात, सरकारी कागदांत त्याची जागा ‘येव्रेई’ने घेतली, आणि जुना शब्द हेटाळणीपुरता उरला. ‘येव्रेई’ म्हणजे हिब्रू. हे दुसरे मोठे शब्दकुळ. इटालियनमध्येही हेच घडले : ‘एब्रेओ’ सभ्य, तर ‘जुदेओ’ला मध्ययुगातल्या द्वेषाचा वास. ग्रीक, रोमानियन, बल्गेरियन यांनीही रोजच्या वापराला हिब्रूवरचाच शब्द धरला. रशियनने त्यात आणखी एक भेद केला. ‘येव्रेई’ म्हणजे जन्माने ज्यू, आणि ‘इउदेई’ म्हणजे तो धर्म पाळणारा. सोव्हिएत ओळखपत्रावर ‘राष्ट्रीयत्व’ या रकान्यात ‘येव्रेई’ लिहिलेले असे, माणूस पक्का नास्तिक असला तरी. चेक आणि पोलिशमध्ये हाच भेद नुसत्या अक्षराच्या आकाराने होतो : समाज म्हणून लिहायचे तर पहिले अक्षर मोठे, धर्मानुयायी म्हणून लिहायचे तर लहान. आपल्या देवनागरीला ही सोय नाही, म्हणून आपल्याला ‘ज्यू समाज’, ‘ज्यू धर्म’ असे फोड करून सांगावे लागते.

फारसीतले उदाहरण मला सगळ्यांत बोलके वाटते. तिथे ‘जुहुद’ हा उपमर्दाचा शब्द आहे. आणि त्याच फारसीची जवळची बहीण असलेली एक भाषा कॉकेशसच्या डोंगरांत बोलणारे ज्यू स्वतःला अभिमानाने ‘जुहुरो’ म्हणतात, भाषेला ‘जुहुरी’. शब्द तोच, फक्त एकीकडे तो बाहेरच्याने फेकलेला आहे आणि दुसरीकडे घरात जपलेला. पूर्व युरोपातल्या ज्यूंच्या यिदिश भाषेतही तसेच. ‘यिद’ म्हणजे ज्यू माणूस, ‘यिदिश’ म्हणजे ज्यूंची भाषा, सगळे मायेचे. तोच ‘यिद’ इंग्रजी बोलणाऱ्या परक्याने उच्चारला की शिवी होते.

तुमच्या मैत्रिणीचा आक्षेप या इंग्रजीच्या अंगाने आला आहे. इंग्रजीत ‘ज्यू’ या नामाचे क्रियापद करून घासाघीस, फसवणूक अशा अर्थाने वापरण्याची दुष्ट रीत होती, त्यामुळे पुष्कळ इंग्रजी बोलणारे नुसते नाम उच्चारताना आजही कचरतात आणि विशेषण जोडून आडवळणाने बोलतात. खुद्द इंग्रजीभाषक ज्यू मात्र ते नाम बिनदिक्कत वापरतात. मराठीत तर ते क्रियापद कधी नव्हतेच. जे ओझे आपल्या शब्दाने वाहिलेच नाही, ते उसने आणून त्याच्या पाठीवर ठेवायचे कारण नाही.

सभ्यतेसाठी नवा शब्द शोधायचा उद्योग युरोपने एकोणिसाव्या शतकात जोरात केला. नेपोलियनने 1808 मध्ये फ्रान्सच्या ज्यूंची जी मध्यवर्ती धर्मसंस्था उभी केली, तिच्या नावात ‘इस्राएलित’ हा शब्द घातला. 1860 मध्ये पॅरिसमध्ये निघालेली, देशोदेशी शाळा काढणारी संस्थाही ‘इस्राएलित’च. बर्लिनमध्ये 1893 साली स्थापन झालेल्या संघटनेचे नाव तर ‘ज्यू धर्माच्या जर्मन नागरिकांचा केंद्रीय संघ’ असे होते. मूळ जर्मन नावातला आधी जर्मन, नागरिक, मग धर्म, हा क्रम वाचताना आज पोटात कालवते, कारण पुढच्या पन्नास वर्षांत काय झाले ते आपल्याला ठाऊक आहे. नरसंहारातून वाचलेल्यांनी 1950 मध्ये जी संस्था काढली, तिचे नाव सरळ ‘जर्मनीतील ज्यूंची केंद्रीय परिषद’. आडपडदा गेला. फ्रान्समध्येही पुढच्या काळात ‘इस्राएलित’ मागे पडून ‘जुईफ’ पुढे आले.

इराण आणि तुर्कस्तानाने वेगळा मार्ग काढला : प्रेषित मोशेवरून. तुर्कीत ‘मुसेवी’, म्हणजे मुसाचे अनुयायी. इराणात ‘कलीमी’. कलीम हे नाव आपल्याकडे मुसलमान घरांत सर्रास ऐकू येते. कलीमुल्ला म्हणजे ज्याच्याशी ईश्वर बोलला तो, अर्थात मुसा. इराणच्या 1979 च्या राज्यघटनेत मान्यताप्राप्त अल्पसंख्याकांची नावे आहेत, तिथेही ‘कलीमी’च लिहिले आहे.

आणि जिथे शेजाऱ्यांना ना येहुदा माहीत होता ना मोशे, तिथे? तिथे लोकांनी डोळ्यांना दिसले त्यावरून नाव ठेवले. चीनमध्ये कायफेंग शहरात ज्यूंची जुनी वस्ती होती. त्यांच्या प्रार्थनास्थळातला 1489 सालचा शिलालेख आजही आहे. त्यात त्यांनी आपल्या धर्माला ‘यीत्सलये’, म्हणजे इस्राएल, म्हटले आहे. आजूबाजूचे चिनी मात्र त्याला ‘त्याओ-जिन-ज्याओ’ म्हणत : शीर काढणाऱ्यांचा धर्म. याकोबाने रात्रभर देवदूताशी झुंज दिली, त्यात त्याची जांघ लचकली, म्हणून त्याचे वंशज जनावराच्या जांघेतली ती शीर खात नाहीत, ही उत्पत्तीच्या पुस्तकातली कथा. शेजाऱ्यांना कथा कुठून ठाऊक असणार? त्यांना फक्त मांस साफ करताना सुरीच्या टोकाने शीर उपसणारे हात दिसत. ज्यूंच्या वस्तीतल्या गल्लीलाही तेच नाव पडले.

आता कोकणात या. अलिबाग, पेण, रोहा, रेवदंडा या टापूत हे लोक तेलाचे घाणे चालवत. शुक्रवारी सूर्य मावळला की घाणा बंद, बैल मोकळा, तो शनिवार संध्याकाळपर्यंत. गावाने नाव दिले ‘शनिवार तेली’. महादेवाच्या वारी, सोमवारी, घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली ते ‘सोमवार तेली’. किती सहज केलेली वर्गवारी ही! तोरा हा त्यांचा धर्मग्रंथ कुणी वाचला नव्हता, शब्बाथ हा त्यांच्या शनिवारच्या विश्रामदिनाचा शब्द कुणी ऐकला नव्हता, पण घाणा कोणत्या दिवशी फिरत नाही हे अख्ख्या गावाला माहीत होते. कायफेंगचे शेजारी आणि कोकणचे शेजारी एकाच पद्धतीने विचार करत होते, आणि दोघांनीही धर्माचे नेमके एकेक लक्षण टिपले. तुमच्या लेखात ‘शनिवार तेली’ जरूर येऊ द्या, पण गावाने दिलेले नाव म्हणून. ती त्या कुटुंबाची आजची ओळख नव्हे.

ते स्वतःला म्हणत ‘बेने इस्राएल’, इस्राएलची लेकरे. ‘यहुदी’ का नाही? अभ्यासक एक कारण असे देतात की मुसलमानी सत्तांच्या मुलखात ‘यहुदी’ शब्दाला कडवट छटा होती, तर कुराणात ‘बनी इस्राईल’ हा उल्लेख पुष्कळदा आदराने येतो. याला धरून एक आख्यायिका समाजात सांगतात. टिपूच्या कैदेत सापडलेल्या सामाजी हसाजी ऊर्फ सॅम्युअल दिवेकर यांनी आपण बेने इस्राएल असल्याचे सांगितले. कुराणातले हे लोक आपण कधी पाहिले नाहीत, म्हणून टिपूच्या आईने रदबदली केली आणि ते वाचले. आख्यायिकेचे काहीही असो, याच सॅम्युअल दिवेकरांनी 1796 मध्ये मुंबईत पहिले सिनॅगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, बांधले, हा इतिहास आहे. बेने इस्राएल लोक मराठीत सिनॅगॉगला ‘मशीद’ म्हणत. मशीद बंदर स्टेशनचे नाव याच ‘मशिदी’वरून आले, असे मानतात. इकडे पुण्यात डेव्हिड ससूनने बांधलेल्या सिनॅगॉगला पुणेकर ‘लाल देऊळ’ म्हणतात. एकाच गोष्टीला एका शहरात मशीद आणि दुसऱ्या शहरात देऊळ! अलिबागेत मात्र आळीच त्यांच्या नावाची आहे : इस्राएल आळी.

नावाचा प्रश्न या समाजाच्या जिव्हारी लागला तो इस्रायलमध्ये गेल्यावर. 1960च्या सुमारास तिथल्या मुख्य धर्मपीठाने लग्नाच्या वेळी यांची वंशावळ तपासा, असे फर्मावले. म्हणजे हे ‘खरे’ ज्यू का, हा संशय. लोक रस्त्यावर उतरले. अखेर 1964 मध्ये तिथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्वार्थाने ज्यू आहेत. म्हणून तुमच्या लेखात ‘बेने इस्राएल ज्यू’ अशी जोडीही अगदी योग्य होईल. एक काळजी मात्र घ्या : ‘इस्राएली’ किंवा ‘इस्रायली’ लिहू नका. 1948 नंतर इस्रायली म्हणजे त्या देशाचा नागरिक, आणि त्यांत सुमारे एक पंचमांश अरब आहेत. रेवदंड्यात जन्मून तिथेच राहिलेल्या आजोबांना इस्रायली म्हणणे सरळ चूक ठरेल. वर्तमानपत्रांत ही चूक वारंवार होते आणि वाचताना त्रास होतो.

राहिले यदुवंशी. यात तथ्य नाही. ‘यदु’ आणि ‘येहुदा’ कानाला जवळचे वाटतात एवढेच. येहुदातला ‘ह’ त्या नावाचा गाभा आहे. यदुत तो नाहीच, आणि तो मध्येच का उपटावा याचा कुठलाही ध्वनिनियम दाखवता येत नाही. एका बाजूला सेमिटिक भाषाकुळ, दुसऱ्या बाजूला आर्यभाषाकुळ. शिवाय य चा ज होतो म्हणून सगळे य एका घरचे ठरत नाहीत. उलट भारताचा खराखुरा धागा हिब्रूत आहे, आणि तोही एस्तेरच्याच पुस्तकात, पहिल्याच वाक्यात : राजाचे राज्य ‘होदू’पासून कूशपर्यंत पसरले होते. ‘होदू’ म्हणजे आपला सिंधूचा मुलूख, फारसी ‘हिंदू’वरून आलेला. आजही हिब्रूत भारताला होदू आणि भारतीयाला होदी म्हणतात.

लिहिताना ‘यहुदी’तला हु ऱ्हस्व ठेवा, कारण मराठीच्या नियमाने दीर्घान्त शब्दातला उपान्त्य उकार ऱ्हस्व. मराठी बायबलमध्ये ‘यहूदी’ असा दीर्घ दिसेल, ते जुने वळण आहे. उतारा घ्याल तर तसाच ठेवा. सामान्यरूप यहुद्याला, यहुद्यांचा. ज्यूचे ज्यूला, ज्यूंचा. आणि ‘बेने इस्राएल’ला वेगळे अनेकवचन नको. ‘बेने’ म्हणजेच पुत्र, लेकरे, ते आधीच अनेकवचन आहे. तेव्हा ‘रेवदंड्याचे बेने इस्राएल’ एवढे पुरे.