वाचकांचे प्रश्न : खडतर वाटेवरच्या गाडीसाठी जॅक

प्रश्न : माझ्या फोर-व्हील ड्राइव्ह गाडीला मी मूळ मापापेक्षा मोठे टायर बसवले आहेत. मागच्या फेरीत ओलसर मातीच्या वाटेवर टायर पंक्चर झाला, तेव्हा गाडीसोबत आलेला कात्रीसारखा उघडणारा जॅक मातीत रुतला, मग तिरका झाला आणि गाडी त्यावरून घसरली. सुदैवाने कोणाला इजा झाली नाही. आता नवा जॅक घ्यायचा आहे. दुकानात दोन टनांपासून दहा टनांपर्यंतचे बॉटल जॅक, म्हणजे तेलाच्या दाबाने दांडा वर ढकलणारे बाटलीच्या आकाराचे जॅक, दिसतात. जितके टन जास्त तितका जॅक सुरक्षित, असे समजावे का?

उत्तर : आपल्या पत्रातच उत्तराचा निम्मा भाग आला आहे. आपला जॅक मोडला नाही. तो आधी रुतला आणि मग कलला. त्याच्या जागी दहा टनांचा जॅक असता तरी त्या मातीत त्याचेही तेच झाले असते. म्हणून जॅक निवडताना मी टनांचा आकडा सगळ्यात शेवटी पाहतो. त्याआधी जॅक कशावर उभा राहणार, तो किती खाली बसतो व किती वर जातो, आणि गाडीला नेमका कुठे टेकणार, हे पाहतो.

बैठकीचा हिशेब साधा आहे. टायर जमिनीवर साधारणपणे त्याच्यात भरलेल्या हवेइतकाच दाब देतो, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 2 किलो. आता त्याच चाकावरचे 700 किलो वजन 100 चौरस सेंटिमीटर बुडाच्या जॅकवर आले, तर दाब 7 किलो होतो. जी जमीन चाकाला सहज पेलते ती जॅकखाली खचते, याचे कारण एवढेच आहे. हाच जॅक 30 सेंटिमीटर लांब व तितक्याच रुंद फळीवर ठेवला, तर भार 900 चौरस सेंटिमीटरवर पसरतो आणि दाब 1 किलोच्याही खाली येतो. मात्र फळी वाकता कामा नये, कारण वाकलेल्या फळीचा मधला भागच सगळा भार घेतो आणि पसरट बुडाचा उपयोग राहत नाही. अडीच-तीन सेंटिमीटर जाडीचे कठीण लाकूड किंवा तितकेच जाड, चांगल्या प्रतीचे प्लायवूड घ्यावे आणि जॅकचे बूड सरकू नये म्हणून त्याच्या भोवती बारीक पट्ट्या ठोकाव्यात. विटा किंवा दगड रचून उंची वाढवू नये. वीट दाबाखाली कोणतीही पूर्वसूचना न देता फुटते आणि दगड अंग फिरवतो. ही फळी जॅकइतकीच महत्त्वाची आहे आणि ती जॅकसोबतच खरेदीच्या यादीत असावी, असे माझे ठाम मत आहे.

उंचीची दोन मापे लागतात आणि ती घरी, सपाट जमिनीवर, गाडीवर प्रत्यक्ष घ्यावीत. पहिले माप टायरमधली हवा पूर्ण काढून, एक्सलखालच्या टेकवण्याच्या जागेपासून जमिनीपर्यंत घ्यावे. बंद स्थितीतला जॅक, खालच्या फळीसकट, या अंतरात मावला पाहिजे. दुसरे माप पूर्ण हवा भरलेली स्टेपनी चढवायला एक्सल किती वर न्यावा लागतो, त्याचे. टायरचा व्यास 10 सेंटिमीटरने वाढला की एक्सल 5 सेंटिमीटरने वर जातो आणि मूळ जॅक तेवढाच तोकडा पडतो. जास्त टनांचा जॅक घेण्यातली अडचण इथेच लक्षात येते : क्षमता वाढते तसे बॉटल जॅकचे अंगही वाढते आणि हवा गेलेल्या टायरच्या बाजूला तो एक्सलखाली शिरतच नाही. एकातून दुसरा निघणारा, म्हणजे दुहेरी दांड्याचा बॉटल जॅक अशा गाडीला चांगला, कारण तो बंद असताना बुटका असतो आणि उघडल्यावर पुरेसा वर जातो.

जॅक कुठे टेकवावा हा मुद्दा बहुतेक जण घाईने ओलांडतात, पण खडतर वाटेवर खरे श्रम त्यानेच वाचतात. चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा, उचलली की आधी स्प्रिंगा उलगडतात आणि चाक लोंबत खालीच राहते. स्प्रिंगांचा सगळा पल्ला संपल्यावर मगच चाक जमीन सोडते. तोवर गाडीचे अंग खूप वर गेलेले असते, गुरुत्वमध्यही वर सरकलेला असतो आणि बाजूने लागलेला थोडासा जोरही गाडी ढकलायला पुरतो. त्याऐवजी अखंड एक्सलच्या, म्हणजे दोन्ही चाके एकाच सलग नळीने जोडलेल्या गाडीत चाकाजवळ, एक्सलच्या नळीखाली जॅक लावला, तर पहिल्या काही हापशांतच चाक सुटते. मधल्या फुगीर भागाखाली, जिथे डिफरन्शियल (दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची रचना) असते, तिथे जॅक लावल्यास गाडी डावी-उजवीकडे डुलते. तिथे लावू नये. स्वतंत्र सस्पेन्शनच्या, म्हणजे प्रत्येक चाक वेगळे वर-खाली होणाऱ्या गाडीत चाक धरणाऱ्या खालच्या आर्मवर किंवा चासीवर उत्पादकाने जी जागा नेमून दिली असेल तीच वापरावी. ती गाडीच्या माहितीपुस्तिकेत दाखवलेली असते.

आता टनांकडे येऊ. समजा, सामानासकट गाडीचे वजन 2,600 किलो आहे आणि त्यांपैकी 1,400 किलो मागच्या एक्सलवर येतात. चाकाजवळ एक्सल उचलताना जॅकवर सुमारे 700 किलो येतील, तर मागची पूर्ण बाजू एकदम उचलताना 1,400. कागदावर दोन टनांचा जॅक दोन्ही कामांना पुरतो. पण चिखल चाकाला धरून ठेवतो, उतारावर भार एका बाजूला झुकतो आणि प्रवासात सामान वाढतच जाते, म्हणून अशा गाडीला मी तीन टनांचा जॅक सुचवीन. त्यापुढे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

दर्जा ओळखायला जॅक हातात घेऊन पाहावा लागतो. क्षमता, सर्वांत कमी व सर्वांत जास्त उंची ही माहिती अंगावर ठसठशीत कोरलेली किंवा पक्क्या पाटीवर असावी. नुसत्या कागदी चिकटपट्टीवर विश्वास ठेवू नये. मानकाचा उल्लेख आहे का ते पाहावे. युरोपात अशा हलवता येणाऱ्या जॅकसाठी ईएन 1494 हे मानक आहे. दांडा बाहेर काढून त्याचा पृष्ठभाग बोटाने चाचपावा. तो गुळगुळीत असावा, त्यावर ओरखडा किंवा गंजाचा ठिपका नसावा, कारण तोच ओरखडा पुढे तेल रोखणारे सील कापतो. बुडाची वेल्डिंग सलग असावी. क्षमतेपेक्षा जास्त भार आला तर तेल परत टाकीत सोडणारा सुरक्षा-व्हॉल्व्ह आहे का, आणि सीलचा संच सुटा मिळतो का, हे दुकानदाराला विचारावे. घरी आणल्यावर गाडीची एक बाजू चाक जेमतेम सुटेल इतकीच उचलावी, उंची मोजावी, पंधरा मिनिटे थांबून पुन्हा मोजावी. त्या वेळात उंची लक्षात येण्याइतकी उतरली, तर जॅक त्याच दिवशी परत करावा.

एक गोष्ट आपण विचारलेली नाही, तरी सांगितल्याशिवाय राहवत नाही. काही फोर-व्हील ड्राइव्ह गाड्यांचा हँडब्रेक चाकांवर नसून गिअरबॉक्समागच्या शाफ्टवर असतो. अशा गाडीचे मागचे एक चाक उचलले की डिफरन्शियलमुळे ते चाक हवेत उलट फिरू शकते आणि जमिनीवरचे दुसरे चाक मोकळे होते. हँडब्रेक पूर्ण ओढलेला असतानाही गाडी जॅकवरून पुढे सरकते. गाडी नुसती गिअरमध्ये ठेवली तरी हाच धोका राहतो. म्हणून जॅकला हात लावण्यापूर्वी जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून व मागून पाचरी लावाव्यात आणि चाकांचे नट चाक जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. काढलेले चाक चासीखाली आडवे सरकवून ठेवावे; जॅक दगा देईल तेव्हा गाडी त्या चाकावर बसेल. आणि गाडीखाली शिरायचे असेल, तर जॅक कितीही चांगला असला तरी आधी स्टँड, म्हणजे गॅरेजमध्ये ज्याला घोडी म्हणतात ती, लावलीच पाहिजे.

प्रश्न : आमच्या गटातले अनुभवी चालक उंच दांड्याचा हाय-लिफ्ट जॅक गाडीच्या मागे बांधून फिरतात आणि त्याशिवाय आडवाटेला जाऊ नये असे सांगतात. दुसरीकडे तो फार धोकादायक आहे असेही ऐकतो. तो घ्यावा की नाही?

उत्तर : दोन्ही म्हणणी खरी आहेत. सुमारे 1.2 मीटर उंचीच्या, भोके पाडलेल्या पोलादी पट्टीवर चढत जाणारा हा जॅक रुतलेली गाडी बंपरपासून उचलतो, कप्पीसारखा ओढायला उपयोगी पडतो आणि वाकलेला भागही ताणून सरळ करतो. इतकी कामे करणारे दुसरे हत्यार या गाड्यांत नाही. पण त्याचे वजन सुमारे 13 किलो असते, बूड लहान असते आणि त्यावर चढलेली गाडी एका बाजूकडून दुसरीकडे सहज कलंडते.

खरा धोका गाडी खाली घेताना असतो. या जॅकमध्ये दोन खिळे आळीपाळीने भोकांत बसतात आणि भार एकावरून दुसऱ्यावर जातो. उतरवताना प्रत्येक टप्प्याला गाडीचे वजन हँडलला वर ढकलते. त्या क्षणी हात निसटला, तर हँडल मोठ्या जोराने वर उसळते आणि भार उतरेपर्यंत थडथडत राहू शकते. जबडा व हात यांना होणाऱ्या इजा अशाच होतात. डोके हँडल आणि पट्टी यांच्या मध्ये किंवा हँडलच्या वाटेवर कधीही आणू नये, दोन्ही हातांनी पकड ठेवावी आणि सुटलेले हँडल पुन्हा धरायचा प्रयत्न न करता बाजूला व्हावे. दिशा बदलणारी खटकी फिरवण्यापूर्वी हँडल पट्टीला चिकटवून उभे करावे. भार फार कमी झाला, तर जॅकचा वरचा भाग टप्पे न घेता थेट खाली सरकतो, हेही माहीत असावे.

आपल्या गाडीला कारखान्यातले प्लास्टिकचे बंपर असतील, तर हा जॅक घेऊ नका. त्याला टेकायला जागाच नाही. चासीला पक्के बसवलेले पोलादी बंपर किंवा बाजूचे जाड पाइप असतील, अथवा चाकाच्या रिमला अडकवण्याचा जोड आपण सोबत घेणार असाल, तरच तो उपयोगाचा. नुसते टायर बदलण्यासाठी तो कधीच पहिली निवड असू नये. घेतला तर गाडीबाहेर उघडा बांधू नका, कारण धूळ आणि चिखल खिळ्यांत बसतात, खिळा भोकात अर्धवट शिरतो आणि भार आल्यावर निसटतो. पिशवी चढवावी, प्रत्येक फेरीनंतर तो धुवावा आणि खिळ्यांना पातळ तेल द्यावे. नवा घेताना पट्टीची भोके स्वच्छ गोल आहेत ना आणि खिळे प्रत्येक वेळी खणखणीत आवाज करून पूर्ण आत बसतात ना, हे दहा-बारा वेळा चालवून पाहावे.

प्रश्न : वाळूत फिरण्यासाठी धुराड्याच्या धुराने फुगणारा पिशवीचा जॅक चांगला का?

उत्तर : वाळूसाठी चांगला. त्याचे बूड इतके रुंद असते की तो रुतत नाही, आणि चाकाखाली फळी किंवा वाळूत चाकाला पकड देणारी पट्टी सरकवण्याचे काम तो झटकन करतो. पण पिशवी गोलाकार फुगत जाते तसतसा तिचा गाडीला टेकणारा भाग लहान होतो, त्यामुळे वर जाताना तिची ताकद कमी होते आणि गाडी डुलू लागते. चाक बदलायला मी ती वापरणार नाही. खाली आणि वर जाड चटई घालावी, गरम सायलेन्सर व धारदार कडा यांपासून ती दूर ठेवावी. धुराडे गळके असेल तर पिशवी फुगतच नाही; तेव्हा हवेच्या पंपाने फुगवता येईल असाच प्रकार निवडावा.

प्रश्न : माझा जुना बॉटल जॅक निम्म्यापर्यंत चढतो आणि पुढे हँडल नुसतेच हलते. त्यात ब्रेक ऑइल घातले तर चालेल का?

उत्तर : मुळीच नाही. जॅकमधली रबरी सीले खनिज तेलासाठी बनवलेली असतात. ब्रेक ऑइलने ती फुगतात आणि मऊ पडतात. दांडा पूर्ण खाली घेऊन, जॅक उभा ठेवून, टाकीच्या बुचापर्यंत हायड्रॉलिक जॅकचेच तेल भरावे. नंतर सोडण्याचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून हँडल दहा-पंधरा वेळा भरभर चालवावे, म्हणजे अडकलेली हवा निघून जाते, आणि मग व्हॉल्व्ह बंद करून चढवून पाहावा. तेल पुरेसे असूनही जॅक भाराखाली हळूहळू उतरत असेल, तर सील गेले आहे. ते बदलेपर्यंत तो जॅक गाडीतून काढून ठेवावा. एरवी तो दांडा आत घेऊन, व्हॉल्व्ह बंद करून आणि शक्यतो उभाच बांधून ठेवावा. आडवा पडलेला जॅक प्रवासभर बुचाजवळून तेल गाळत राहतो आणि नेमका लागेल तेव्हा निम्माच चढतो.