वाचकांचे प्रश्न : कार्ड, नेटबँकिंग आणि ऑनलाइन खरेदी

प्रश्न : मी सेवानिवृत्त शिक्षक आहे. औषधे, पुस्तके आणि विजेचे बिल यांचे पैसे डेबिट कार्डाने किंवा नेटबँकिंगने भरतो; यूपीआयची सवय नाही. प्रत्येक खरेदीच्या वेळी कार्डाचा तपशील जतन करायचा का, असे विचारले जाते. मुलाच्या मते कार्ड आता सुरक्षित राहिलेले नाही. हे खरे आहे का? आणि पैसे गेलेच तर बँक जबाबदारी घेते का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : यूपीआय वापरत नाही म्हणून आपण अधिक धोक्यात आहात, असे मुळीच नाही. भारतात ऑनलाइन व्यवहारासाठी कार्डाच्या तपशिलाखेरीज आणखी एक पडताळणी रिझर्व्ह बँकेने १ ऑगस्ट २००९ पासूनच सक्तीची केली. त्यामुळे कार्डाचा क्रमांक, मुदत आणि मागचा सीव्हीव्ही (छोटा सुरक्षा क्रमांक) एवढे कुणाच्या हाती लागले तरी देशातील संकेतस्थळावर साधारणतः ओटीपीवाचून खरेदी होत नाही. परदेशी संकेतस्थळांवर मात्र अनेकदा ओटीपी न मागताच पैसे कापले जातात. बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार बंद ठेवण्याची सोय असते. ती आजच तपासा, आणि ऑनलाइन खरेदीची मर्यादाही आपल्या गरजेपुरतीच ठेवा.

कार्ड जतन करण्याविषयी. १ ऑक्टोबर २०२२ पासून दुकानदाराच्या संकेतस्थळाला आपल्या कार्डाचा पूर्ण क्रमांक स्वतःकडे ठेवता येत नाही. आपण संमती दिली तर त्या क्रमांकाऐवजी एक ‘टोकन’ तयार होते आणि ते त्या कार्डापुरते व त्या दुकानापुरतेच चालते. उद्या तिथली माहिती चोरीला गेली तरी ते टोकन दुसरीकडे निरुपयोगी ठरते. म्हणून नेहमीच्या, खात्रीच्या संकेतस्थळावर कार्ड जतन करायला हरकत नाही. जिथे एकदाच खरेदी करायची आहे तिथे नकार द्यावा.

आता खरा धोका कुठे आहे, ते सांगतो. ओटीपीच्या संदेशात बहुधा सहा आकड्यांबरोबर रक्कम आणि पैसे घेणाऱ्याचे नावही लिहिलेले असते. आपण घाईत आकडे तेवढे पाहतो. ‘तुमचे पैसे परत करायचे आहेत, आलेला क्रमांक सांगा’ असे फोनवरचा माणूस म्हणत असतो आणि त्याच वेळी संदेशात मात्र पैसे वजा होणार असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. पैसे परत मिळण्यासाठी ओटीपी द्यावा लागत नाही. त्यामुळे संदेश पहिल्या अक्षरापासून वाचावा, ही सवय मला कोणत्याही ॲपपेक्षा अधिक मोलाची वाटते. लग्नपत्रिका किंवा वाहतूक दंडाची पावती म्हणून व्हॉट्सॲपवर येणारी ‘एपीके’ फाइलही (म्हणजे फोनमध्ये ॲप बसवणारी फाइल) उघडू नये, कारण अशी फाइल फोनमध्ये शिरली की आपण काहीही न सांगता ओटीपीचे संदेश परस्पर वाचले जाऊ शकतात.

नेटबँकिंगसाठी बँकेच्या संकेतस्थळाचा पत्ता सर्च इंजिनात न शोधता स्वतः टंकावा. बँकांनी आपली संकेतस्थळे ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ या राखीव पत्त्यावर न्यावीत, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश होता. तेव्हा पत्त्याचा शेवट अवश्य पाहा. पत्त्याशेजारचे कुलपाचे चिन्ह पुरेसे नाही. मधल्या वाटेत माहिती कुणाला वाचता येणार नाही एवढेच ते सांगते, पलीकडचा माणूस प्रामाणिक आहे असे नव्हे.

बँकेच्या जबाबदारीविषयी रिझर्व्ह बँकेचे ६ जुलै २०१७ चे परिपत्रक आहे, आणि सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसेच परिपत्रक निघाले. त्यानुसार चूक बँकेचीही नसेल आणि आपलीही नसेल, तर बँकेचा संदेश मिळाल्यापासून कामकाजाच्या ३ दिवसांत कळवल्यास आपले नुकसान शून्य धरले जाते. ४ ते ७ दिवसांत कळवल्यास सर्वसाधारण बचत खातेदारावर जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार पडतो. त्यापुढे बँकेचे स्वतःचे धोरण लागू होते. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेवर आहे. आपणच ओटीपी सांगितला असेल तर कळवेपर्यंतचे नुकसान आपले, पण कळवल्यानंतरचे बँकेचे. म्हणून चूक झाली असली तरी संकोचाने गप्प बसू नये. घरच्यांना सांगायची लाज वाटते म्हणून आठवडा घालवणारी ज्येष्ठ मंडळी पाहून फार वाईट वाटते.

कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर फोन करून कार्ड बंद करावे, तक्रार क्रमांक लिहून घ्यावा आणि लगेच १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे.

एक सूचना माझ्याकडून. निवृत्तिवेतन जमा होते त्या खात्याचे कार्ड खरेदीला वापरू नका. दुसरे बचत खाते उघडून त्यात महिन्याच्या खरेदीपुरतेच पैसे ठेवा.

प्रश्न : मग वस्तू हातात आल्यावर रोख पैसे देणे सर्वांत सुरक्षित नाही का?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : खात्यापुरते होय. परंतु न मागवलेले पार्सल दारात आणून पैसे मागणारे असतात, आणि ते नाकारले की ‘ऑर्डर रद्द करण्यासाठी ओटीपी द्या’ असे सांगतात. अशा वेळी पार्सलही घेऊ नये आणि क्रमांकही देऊ नये. घरात कुणी काय मागवले आहे, हे दार उघडणाऱ्या व्यक्तीला आधी सांगून ठेवावे.