झोपडी वाकडी, पाणसळ खरी

प्रश्न : मुलगा-सून कॅलिफोर्नियात सॅन होजेला असतात. त्यांनी आम्हांला सांता क्रूझजवळच्या ‘मिस्टरी स्पॉट’ला नेलं. रेडवुडच्या जंगलात एक कललेली झोपडी आहे. तिथं चेंडू चढावर गेला, माणसं तिरकी उभी राहिली. बाहेर एका फळीच्या दोन टोकांना आम्ही दोघं उभे राहिलो, मग जागा बदलल्या, तर हे चक्क बुटके दिसायला लागले! फळीला आधी पाणसळ (सपाटी तपासायचं बुडबुड्याचं साधन) लावून दाखवली होती. मुलगा म्हणतो, नजरेचा खेळ. ह्यांचं म्हणणं, जमिनीखाली चुंबक असणार. खरं कोणाचं? आणि नुसता खेळच असेल, तर लोक पैसे मोजून रांगा का लावतात?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : ताई, खरं मुलाचं. चुंबकाला लोखंड लागतं. यजमानांची उंची कमी करणं त्याच्या हातात नाही. लडाखमध्ये लेहपासून ३० किलोमीटरच्या आसपास ‘मॅग्नेटिक हिल’ची पाटी आहे, तिथंही गाडी ओढणारं चुंबक वगैरे काही नाही. रस्ता उताराचाच आहे, वाटतो चढाचा.

पाणसळ मात्र खोटी नव्हती, आणि गंमत तिथंच आहे. फळी सपाटच होती. घोळ तिच्या मागं. दोघांच्या डोक्यांवरून जाणारी रेघ फळीला जवळपास समांतर. पण मागची जमीन, कुंपण, झोपडी सगळं एका अंगाला कललेलं. डोळा त्या कललेल्या पसाऱ्यालाच सपाटी धरून चालतो. मग खरी सपाट रेघ त्याला चढती दिसते. चढत्या टोकाचा माणूस उंच, दुसरा बुटका. बर्कली विद्यापीठातल्या शिमामुरा आणि प्रिन्झमेटल या मानसशास्त्रज्ञांनी १९९९ मध्ये याच जागेचा भ्रम अभ्यासला, तेव्हा कलत्या चौकटीलाच जबाबदार धरलं.

मी बांधकाम खात्यात घाटरस्त्यांवर नोकरी काढली. दोन तीव्र उतारांच्या मधला सौम्य उतार नव्या पोरांना हटकून चढ वाटायचा. कडेच्या गटारातलं पाणी वर चाललंय असं शपथेवर सांगायचे. डम्पी लेव्हल, म्हणजे चढउतार मोजायची दुर्बीण, लावून आकडे वाचून दाखवले की गप्प, आणि मान वर केली की पुन्हा तेच. मानसशास्त्रज्ञ पाओला ब्रेसान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेबलावर फळ्यांचे छोटे रस्ते मांडून हाच प्रकार दाखवला. ते संशोधन २००३ सालचं. क्षितिज झाकलं गेलं की डोळ्याला आधार उरत नाही. घाटात डोंगर झाकतो, सांता क्रूझला झाडी.

अशा जागांचा जन्म मोटारींबरोबरचा. ऑरेगनमध्ये गोल्ड हिलजवळ सोन्याच्या खाणीची एक जुनी कचेरी पायावरून घसरून कलंडली होती. १९३० मध्ये ती तिकीट लावून खुली झाली. सांता क्रूझची जागा १९३९ मध्ये ‘सापडली’ म्हणतात, त्यानंतर लवकरच लोक यायला लागले. २०१४ मध्ये कॅलिफोर्नियानं तिची ऐतिहासिक स्थळांत नोंदही केली. वाकड्या झोपडीला सरकारी मान! आमच्या खात्यानं तिला धोकादायक इमारतीची नोटीस लावली असती.

आता रांगेचं. जादूगाराची युक्ती कळली की तिची चव जाते. इथं कळूनही जात नाही. आत डोळे मिटून उभं राहिलात, तर जमिनीचा उतार घोट्यांना लगेच कळतो. उघडले की डोळा दादागिरी सुरू करतो. पाय एक सांगतात, नजर दुसरंच. ही ओढाताण अंगावर येते, कुणाला मळमळतंही. तिकिटाचे पैसे मी तरी त्यासाठीच देईन. दुसरं म्हणजे, हा खेळ एकट्यानं होत नाही. आपण बुटके झालो हे आपल्याला कळत नाही, समोरच्यालाच दिसतं. म्हणून तिथं प्रत्येक कुटुंबात भांडण जुंपतं, आणि ते गाडीतही चालू राहतं. तुमच्याकडे तर चिंचवडपर्यंत पोचलेलं दिसतंय!

मार्गदर्शक तिथं गूढ शक्तीच्या कथा सांगतात, त्या मला चालतात. फक्त नातवंडांना नंतर खरं कारण सांगा.

पुन्हा जाणं झालं, तर दोऱ्याला किल्ली बांधून न्या, झाला ओळंबा. झोपडीत तो लोंबता धरा. तिरका लटकलाय असं वाटेल, पण तिथं सरळ तेवढाच. फोटो काढताना मोबाइलची कड भिंतीशी न जुळवता त्या दोऱ्याशी जुळवा. माणसं सरळ येतील, झोपडी कलंडलेली. बाहेर फळीवर यजमानांना टेपनं दोन्ही टोकांना मोजा. आकडा तोच येईल. पण तो त्यांनाच वाचू द्या, तुम्ही वाचलात तर पटायचा नाही.