“तुझ्या बायबलमधलं आहे ना? सांग की!”

मित्रांबरोबर एखाद्या मोठ्या कादंबरीवर बोलताना ख्रिस्ती म्हणून बोलावं की नुसतं वाचक म्हणून? चर्चमधली तरुण मुलंमुली मला हे पुष्कळदा विचारतात. बोललं तर धर्मप्रचार वाटेल ही भीती असते आणि गप्प राहिलं तर स्वतःलाच खोटं वाटतं. एका सल्लार्थीचा अनुभव त्याच्या परवानगीने, ओळख पटेल असे तपशील बदलून सांगते.

हा तरुण मूळचा नगरचा, पुण्यात नोकरीला. घरात तीन पिढ्यांची ख्रिस्ती श्रद्धा, आजीला ना. वा. टिळकांची भजनं तोंडपाठ. कॉलेजच्या जुन्या मित्रमैत्रिणींचा गट महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमतो आणि एखादी जाडजूड कादंबरी पुरवून पुरवून वाचतो. तेव्हा दोस्तोव्हस्कीची ‘क्राइम अँड पनिशमेंट’ चालू होती. चौथ्या भागात सोन्या ही मुलगी खुनी रास्कोल्निकोवला बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानातली लाजराची, म्हणजे येशूने मेलेल्या माणसाला उठवल्याची, गोष्ट वाचून दाखवते. चर्चा तिथवर आली तेव्हा एक मैत्रीण सहज म्हणाली, “हे तुझ्या बायबलमधलं आहे ना? सांग की!”

“मला फारसं माहीत नाही,” हा म्हणाला आणि चहा करायला उठला.

ही गोष्ट ज्यात आहे तो योहानाचा अकरावा अध्याय त्याला संडे स्कूलपासून पाठ होता. “मॅडम, शिष्य असून पेत्राने येशूला तीनदा नाकारलं, मी एकदाच. पण नाकारलंच ना?” हे विचारताना त्याचे डोळे भरून आले होते.

असा अपराधभाव ‘एवढं काय त्यात’ म्हणून झटकून टाकला की माणूस पुन्हा बोलत नाही. शिवाय त्यात तथ्य होतं: तो खोटं बोलला होता. पण खोटं का बोलावंसं वाटलं? बोलता बोलता ऑफिसातला एक जुना प्रसंग निघाला. एका सहकाऱ्याने जेवताना सगळ्यांसमोर विचारलं होतं, “एक माणूस बाटवला की तुम्हाला किती मिळतात?” सगळे हसले होते, हाही हसला होता. त्या दिवसापासून कुणी ‘तुझं बायबल’ म्हटलं की त्याचा घसा कोरडा पडायचा. मैत्रिणीच्या प्रश्नात त्याला त्या सहकाऱ्याचा आवाज ऐकू आला. तिने विचारलं होतं एका पानाबद्दल, आणि याला वाटलं, आता साऱ्या मिशनऱ्यांचा आणि चर्चच्या इतिहासाचा जाब आपल्यालाच द्यायचा आहे.

मी विचारलं, “गटात बाकीचे आपापल्या घरचं काही आणतात का?” त्याला आठवलं, पंढरीची वारी करणाऱ्या घरातल्या एका मित्राने रास्कोल्निकोववरून वाल्या कोळ्याची गोष्ट काढली होती: पापात वाटेकरी कोण, हा बायकोमुलांना विचारलेला प्रश्न.

“मग त्याला कुणी प्रचारक म्हटलं?”

“छे! उलट त्या दिवशी सगळ्यात छान चर्चा झाली.”

मग मी त्याला कादंबरीतलं ते प्रकरण आणि उपसंहार पुन्हा वाचायला सांगितला. आपल्या श्रद्धेची साक्ष कशी द्यायची याचा विचार न करता, आपल्याला काय ऐकू येतं तेवढंच टिपायचं. पुढच्या भेटीला तो आला तो भरभरून बोलतच. सोन्याच्या हातातला नवा करार, म्हणजे बायबलचा येशूविषयीचा भाग, तिला लिझावेताने आणून दिलेला आहे. आणि लिझावेताचाच खून रास्कोल्निकोवने केला आहे. मारलेल्या बाईच्या पुस्तकातून मारणाऱ्याला मेलेला माणूस उठल्याची गोष्ट ऐकवली जाते! लाजर थडग्यात चार दिवस होता हे वाचताना सोन्या ‘चार’वर जोर देते. आशा पार संपल्यावरचे ते दिवस, हे याला लहानपणापासून माहीत असल्यामुळे तो जोर त्याला नेमका लागला. आणि ‘येशू रडला’ हे योहानाच्या त्याच अध्यायातलं एवढंसं वचन त्याला नव्याने भेटलं.

आणखी एक गोष्ट त्याला दिसली, आणि माझ्या मते उत्तर तिथेच होतं. वाचायला सांगितल्यावर सोन्याही कचरते, तिचा आवाज फुटत नाही. जे सगळ्यात आतलं आहे ते दुसऱ्यासमोर उघडं करायचं तिला भय वाटतं आणि वाचायची ओढही तितकीच असते. पुढे सैबेरियात शिक्षा भोगणाऱ्या रास्कोल्निकोवला वाटत असतं की ही आता धर्माच्या गोष्टी सांगून भंडावून सोडेल, पुस्तकं पुढे करेल. ती एकदाही विषय काढत नाही. नवा करार तोच मागून घेतो, ती मुकाट्याने आणून देते, आणि बरेच दिवस तो उघडतही नाही. भीती आणि प्रचार या दोन्हींच्या मधली वाट त्या कादंबरीतच होती.

हे लेखकाने दुरून लिहिलेलं नाही. १८५० साली ओम्स्कच्या तुरुंगाकडे नेलं जात असताना वाटेत तोबोल्स्कला जुन्या राजकीय कैद्यांच्या बायकांनी दोस्तोव्हस्कीला नवा करार दिला. तो त्याने मरेपर्यंत जपला. १८६६ मध्ये कादंबरी मासिकात येत असताना लाजराच्या वाचनाच्या याच प्रकरणावर संपादकांनी हरकत घेतली आणि त्याला ते बदलून लिहावं लागलं. आणि हाच श्रद्धावान लेखक ‘द ब्रदर्स कारामाझव्ह’मध्ये निरागस मुलांच्या यातनांवरून देवाच्या न्यायाला नकार देणाऱ्या इव्हानच्या तोंडी इतका जबरदस्त युक्तिवाद घालतो की वाचणारा ख्रिस्ती हादरतो. श्रद्धेने वाचणाऱ्याने हेही शिकावं. इव्हानचं म्हणणं मित्रांसमोर कमकुवत करून मांडलं तर तो अप्रामाणिकपणाच.

आम्ही काही वाक्यांचा सरावही केला. ‘लेखकाला म्हणायचंय की येशूच मार्ग आहे’ असं म्हटलं की समोरच्याला एक तर मान डोलवावी लागते किंवा भांडावं लागतं. ‘मी ही गोष्ट चर्चमध्ये ऐकत वाढलो, म्हणून मला इथे असं ऐकू येतं’ असं म्हटलं की त्याला ‘मला नाही तसं वाटत’ म्हणायला जागा राहते. एक पथ्यही सांगितलं: दर नदीत बाप्तिस्मा आणि दर झाडात क्रूस शोधायचा नाही. त्याने कादंबरीचा जीव जातो आणि मित्र कंटाळतात.

पुढच्या बैठकीत तो आधी म्हणाला, “मागे मी खोटं बोललो. मला हे चांगलं माहीत होतं, बोलायची भीती वाटली.” मैत्रीण म्हणाली, “मला वाटलं, तुला राग आला.” मग तो पुष्कळ बोलला. वाल्या वारुळात एकटा बसतो, इथे सोन्या सैबेरियापर्यंत सोबत जाते, हा फरक त्याने दाखवल्यावर वारकरी मित्राने लगेच अडवलं, “एकटा कसा? नारद भेटले होते की!” याला ते पटलं. गटातल्या दोघांना रास्कोल्निकोवचं शेवटचं परिवर्तन ओढूनताणून आणल्यासारखं वाटलं, त्यावर मात्र शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

पुढचं पुस्तक त्याने सुचवलं: लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’. १८९५ मध्ये त्यांचे पती ना. वा. टिळकांनी बाप्तिस्मा घेतल्यावर हिंदू राहिलेल्या बायकोचं काय झालं आणि पुढे ती स्वतःही ख्रिस्ती कशी झाली, हे त्यात तिच्याच तोंडून आहे. “धर्मांतरावर बोलणं निघणारच,” तो मला म्हणाला, “या वेळी चहा दुसऱ्या कुणाला तरी करू दे.”