ॲसिड नंतर, आधी स्क्रू ड्रायव्हर

अरे भावा, जुन्या मोबाईल-कॉम्प्युटरमधून सोनं काढायचा तुझा उत्साह मस्त आहे पण व्हिडिओ बघून लगेच नायट्रिक ॲसिड आणायला पळू नकोस, नवीन पोरं हीच चूक पहिली करतात. त्यातून निघणारा लालसर-तपकिरी धूर फुफ्फुसात गेला की लगेच काही वाटत नाही, कधीकधी काही तासांनी श्वास अडकतो. पहिलं वर्ष फक्त खोलणं आणि वेगळं करणं, बास.

पिवळं दिसतं ते सगळं सोनं नसतं, बरंचसं पितळ असतं. जुन्या रॅमची (कॉम्प्युटरच्या मेमरी पट्टीची) कडेची ती सोनेरी दातं बघ, ती खरी, पण मुलामा मायक्रॉनच्या (मिलिमीटरचा हजारावा भाग) आसपास किंवा त्याहून पातळ. एका मोबाईलमध्ये सोनं साधारण 0.03 ग्रॅम, म्हणजे एक ग्रॅमला तीसेक मोबाईल, आता तूच हिशोब कर! टोकियो ऑलिंपिकच्या मेडलांसाठी सुमारे 32 किलो सोनं जमवायला अख्ख्या जपानने जुनी उपकरणं दिली होती.

सुरुवातीला एवढं पाळ:
- बॅटरी आधी काढ, फुगलेलीला हात नको.
- पॉवर सप्लाय खोलू नकोस, प्लग काढला तरी आतला कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) झटका देऊ शकतो.
- वायरी जाळायच्या नाहीत. कधीच नाही.
- रॅम, प्रोसेसर, बोर्ड वेगवेगळ्या डब्यात ठेव, मिक्स मालाला भंगारवाला कमीच भाव देतो.

डबे भरले की नोंदणीकृत रिसायकलरला वजनावर दे. सराफाच्या दुकानातला कचरा धुणारे झारेकरी माहितीयेत ना, तसंच आहे हे, चिकाटीचं काम. ॲसिडचं पुढे बघू, आधी दोन किलो दातं जमव.